डाव्या हाताचं बोट

"काडी टेबलावर ठेव. मी लावून घेतो."

असं म्हणून अण्णासाहेबांनी डावा हात उपरण्याखाली नेला. मी मतदारांच्या बोटाला शाई लावायला बसले होते, आणि त्यांना आपलं बोट माझ्या हातात द्यायचं नव्हतं. एवढीच गोष्ट.

बांगलादेशची लढाई थंडीत संपली आणि पाठोपाठ निवडणूक आली. मी शाळेत मास्तरीण, नवीनच लागलेली. ड्यूटी लागली नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेवर. अण्णासाहेब त्या गल्लीतलं बडं प्रस्थ. मोठं घर, मोठा आवाज. शाळेबाहेर, चुन्यानं आखलेल्या हद्दीच्या पलीकडं त्यांनी एक टेबल मांडलं होतं. त्यावर बंदूक घेतलेल्या जवानाचं रंगवलेलं चित्र, हार, उदबत्त्या, झेंडूची परडी. येणाऱ्यानं आधी चित्रापुढं फूल ठेवायचं, मग रांगेत लागायचं. वर पाटी: 'आपलं मत, जवानांना मानवंदना'. चित्रातला जवान गोरापान होता. गाल गुलाबी. अशा जवानाला शिवायला कोणाची हरकत नसते.

सकाळी ते आत आले. आम्हा कर्मचाऱ्यांना एकेकाचं आडनाव विचारलं. माझं ऐकलं आणि शेजारच्याकडे वळले. नागपुरात आडनावानंतर पुढं काही विचारावं लागत नाही. आमच्या घरानं छप्पन सालीच दीक्षा घेतली होती, मीही आईबरोबर त्या मैदानावर उभी होते. अण्णासाहेबांच्या लेखी त्यानं काही बदललं नव्हतं.

दारावरचा पोलीस आमच्याच जिल्ह्यातल्या खाप्याचा. बडबड्या, सकाळीच माझी सगळी चौकशी करून बसलेला. त्यानं त्यांना सांगून टाकलं, "साहेब, ह्या मास्तरीणबाईचा सख्खा भाऊ गेला ना लढाईत. उमरेडचे हायेत."

झालं. अण्णासाहेब परत आत. दोन्ही हात जोडलेले, डोळे ओले करायची खटपट. उभे मात्र दाराशीच.

"वीरभगिनी! आधी बोलली नाहीस. गर्दी ओसरली की बाहेर ये. चित्राशेजारी उभी राहा. लोक बघतील, मतदान वाढेल."

"मी ड्यूटीवर आहे."

"अगं, हीसुद्धा सेवाच की. पांढरं पातळ नेसून आली असतीस तर बरं दिसलं असतं."

भाऊ मेला तेव्हा त्याला एकवीस पूर्ण नव्हती. त्या काळी एकविशीशिवाय मत देता यायचं नाही. बंदूक धरायला त्याचं वय पुरलं, शिक्का धरायला पुरलं नाही. बाप कोळशाच्या खाणीत राबायचा. याला पलटणीचीच हौस. शेवटच्या सुट्टीत म्हणाला होता, "ताई, पुढच्या खेपेले मी बी मत देतो. पाहाच तू." ती खेप त्याला मिळाली नाही. आणि आता मी पांढरं पातळ नेसून झेंडूच्या परडीशेजारी उभं राहायचं होतं, म्हणजे अण्णासाहेबांची पाटी शोभून दिसली असती.

मी गेले नाही.

दुपारी ते स्वतः मत द्यायला आले. पहिल्या टेबलावर यादीत नाव सापडलं. दुसरं टेबल माझं. मी हात पुढं केला. आणि त्यांनी सांगितलं, काडी टेबलावर ठेव.

आम्हाला शिकवलं होतं. डाव्या हाताची तर्जनी धरायची, तेल चोळलंय का पाहायचं, फडक्यानं पुसायची, नखापासून वर कातडीपर्यंत शाई ओढायची. मग मतपत्रिका. बोट धरल्याशिवाय यातलं काहीच होत नाही.

"शाई मी लावते," मी म्हटलं. "बोट द्या."

"मी सोवळ्यात आहे आज."

रांगेत मागं फुटाणे विकणारी एक म्हातारी होती. ती फिसकन हसली. "सोवळ्यात हायेत त मघाशी ठेल्यावरचं पान कसं खाल्लं जी?"

केंद्राध्यक्ष कुठल्याशा हापिसातला घाबरट कारकून. धावत आला. "बाई, जाऊ द्या ना. काहून वाद वाढवता? देऊन टाका काडी त्यांच्या हातात. पेटी घेऊन सुखानं घरी जाऊ द्या आपल्याले."

"तुम्ही लिहून द्या मला, नियम मोडा म्हणून. मोडते."

तो पेटीपाशी परत गेला. लिहून द्यायचं म्हटलं की अशी माणसं मागं सरतात.

अण्णासाहेबांचा आवाज चढला. "कोणाशी बोलतेस तू? तुझ्या भावासाठी सकाळपासून उन्हात उभा आहे मी!"

माझ्या भावासाठी. तिथं माझी शाळेतली भाषा संपली.

"माह्या भावाले तुमचा हार नोको. त्याची बहीण इथं समोर बसून राहिली. तिच्या हातात बोट द्या, नाहीतर मत न देता जा. बाहेर तुमचीच पाटी हाय. लोकं पाहूनच राहिले."

कोरं बोट घेऊन स्वतःच्या पाटीखालून घरी जायचं, की बोट माझ्या हातात द्यायचं, एवढंच उरलं होतं. ते केंद्राध्यक्षाकडे पाहत राहिले. तो पेटीकडे पाहत राहिला.

उपरण्याखालून बोट आलं. फक्त टोक. मी टोक धरलं नाही, मुळापासून धरलं. पुसलं. शाई ओढली. सावकाश, घाई कशाला? बोट मऊ होतं, गार होतं. त्यात सोवळं कुठं असतं ते मी नीट पाहिलं. दिसलं नाही.

मत टाकून ते थेट शाळेच्या नळावर गेले. पोलीस आत सांगत आला, "बाई, बुढा मातीनं बोट घासून राहिला."

घासू दे. ती शाई घासून जात नाही. नख वाढावं लागतं. तोवर तेच बोट घेऊन जेवायला बसायचं, तेच बोट घेऊन देवापुढं हात जोडायचे.

संध्याकाळी पेटीला सील लावून बाहेर आलो. टेबलावर चित्र एकटं पडलं होतं. मानवंदना देणारे घरी गेले होते. परडीतला झेंडू एक बकरी खात होती. मी तिला हाकललं नाही. चित्रातला तो माझा भाऊ नव्हता.

त्यानंतर कित्येक निवडणुका झाल्या. साडीला डाग पडतो म्हणून बाकीच्या बाया शाईचं टेबल टाळतात. मी मागून घेते. आता तर मागावंही लागत नाही. बाहेर कोणी जवानांच्या नावानं पाट्या लावो, हार घालो, गळा काढो. मी बाहेर जाऊन पाहतसुद्धा नाही. माझ्या टेबलाशी येईल तेव्हा पाहीन. गल्लीचा मालक येवो की मंत्री येवो, मी हात पुढं करते आणि एकच सांगते.

मानवंदना नंतर. आधी बोट द्या.