खिळ्यांवरचं कुंकू

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला आमच्या गावात वीज आलेली होती. रोज येईलच असं नव्हतं. म्हणून विज्ञान प्रदर्शनासाठी सातवीच्या मुलींनी केलेला खेळ टॉर्चच्या सेलवर चालायचा. फळीवर डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तरं, प्रत्येकासमोर एक खिळा. एक वायर प्रश्नाला लावायची, दुसरी उत्तराला. जोडी जमली की वरचा दिवा लागे.

आदल्या संध्याकाळी झकास लागत होता. उद्घाटनाच्या सकाळी लागेना.

नेवासा तालुक्यातल्या त्या शाळेत मी विज्ञानाची नवी शिक्षिका होते, अजून कायम न झालेली. सेल बदलले. दिवा बदलला. मागच्या तारा एकेक ओढून पाहिल्या. तेवढ्यात बाहेर लेझीम सुरू झालं, म्हणजे उद्घाटनाला येणारे पंचायत समितीचे सभापती वेशीपर्यंत आले होते.

"बाई, पडद्यामागं एक मुलगी बसवा," हेडमास्तर म्हणाले. "साहेबांनी वायर टेकवली की तिनं दिवा लावायचा."

"कुठंही टेकवली तरी?"

"साहेब कुठंही टेकवतील का?"

"मुलगी बसणार नाही, सर. खेळ चालला तर खरा चालेल, नाहीतर बंद दिसेल."

फळी उजेडाकडे वळवली आणि बिघाड दिसला. हेडमास्तरांनी सकाळी यंत्राची पूजा केली होती. कोणावर अन्याय नको म्हणून एकूण एक खिळ्याला ओल्या हळदकुंकवाचं बोट लागलं होतं. वाळून त्याची खपली धरली होती. तिच्यातून वीज जाईना. मी पदर खोचला आणि पॉलिश पेपर घेऊन घासायला बसले.

"अहो बाई! शुभकार्याला कुंकू पुसता?"

"खिळ्यांचं पुसतेय. त्यांना सौभाग्य नको, वायर टेकायला जागा हवी."

मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. दिवा लागला.

सभापती आले, हार पडले, नारळ फुटला. पहिलाच प्रश्न होता, नेवासा कोणत्या नदीकाठी आहे? साहेबांनी वायर ऐटीत गोदावरीवर टेकवली. दिवा गप्प.

"बिगडलंय की ओ, हेडमास्तर."

हेडमास्तर डोळ्यांनी मला पडद्यामागे ढकलत होते. मुली माझ्याकडे बघत होत्या.

"खेळ बरोबर चाललाय, साहेब," मी म्हटलं. "उत्तर चुकलंय."

"आमचं? आमी तालुक्याचं सभापती हाय, बाई."

"खिळ्याला ते ठाऊक नाही."

मंडपात कुणीतरी खोकलं. साहेबांनी वायर हळूच प्रवरेवर नेली. दिवा लागला आणि मुलींनी टाळ्यांचा कडकडाट केला. साहेबांनी त्या वाकून स्वीकारल्या.

आठवड्याभरात मला पाहुण्यांशी वागण्याबद्दल लेखी समज मिळाली. पोच म्हणून सही करायची होती. मी केली, आणि सहीखाली ठळक अक्षरांत लिहिलं: प्रवरा.