पडद्यावरची गर्दी

माझा मामा नाटकांचे पडदे रंगवायचा, आणि मनानं चेहरा काढणं त्याला जन्मात जमलं नाही. पडद्यावर बाजार असो की दरबार, समोर माणूस बसवल्याशिवाय त्याचा ब्रश हलायचा नाही. त्यामुळे आमच्या गल्लीतला शिंपी सेनापती झाला होता आणि मामी तीनदा राणी. फोटोवर मात्र मामाचा भारी राग. "फोटो म्हणजे आळशाचं चित्र," म्हणायचा. स्वतःचा एकही त्यानं काढू दिला नाही.

पूर्वी पुढारी पहिल्या रांगेत बसून स्वतःचं सोंग बघायचे आणि पोट धरून हसायचे. एकानं तर मध्यंतरात आत येऊन नटाला सांगितलं होतं, "पुढच्या वेळी माझी ढेरी जरा कमी करा हो!" आताच्यांना हसू येत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

राजवाड्याच्या दारात खवळलेली गर्दी, असा पडदा मामानं रंगवला. ते नाटक तिसऱ्याच प्रयोगाला बंद पाडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन साहेब रंगशाळेत आले. दाराशी बूट पुसून आत आले, इतके सभ्य.

"पडद्यावरच्या या सदतीस जणांची नावं हवीत," मोठा साहेब म्हणाला.

"मनातले चेहरे आहेत, साहेब."

"मनातला चेहरा तुम्हाला जमत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चार वाजता फोटोग्राफर घेऊन येतो."

ते गेल्यावर मामानं सरस तापवला, त्यात रंग कालवला आणि मला आरसा धरून उभं केलं. सगळ्यात आधी त्यानं गर्दीतला माझा चेहरा पुसला. तिथे त्याचं पसरट नाक आलं, मिशा आल्या. मग मामी, मग शिंपी. माझे हात भरून आले, पण आरसा जरा हलला की ओरडायचा, "नीट धर गं, नाक वाकडं होतंय!" जिवावर बेतलंय आणि याला नाकाची पडलेली! मला रडू येत होतं आणि रागही.

चार वाजता साहेबांनी पडदा पाहिला.

"सदतीसही तुम्हीच?"

"मीच."

"बरं झालं. आमचं काम सोपं केलंत."

फोटोग्राफरनं कॅमेरा बाहेरच काढला नाही. पडदा गुंडाळून गाडीच्या टपावर बांधला आणि मामाला आत बसवलं.

त्याला अडीच महिने झाले. मामी दर सोमवारी कचेरीत जाते. "असा कुणी माणूस इथे आलेलाच नाही," साहेब शांतपणे सांगतो. "हरवला असेल तर फोटो आणा, शोधू की."

आम्ही सगळी कपाटं उपसली. घरात मामाचा चेहरा कुठेच नाही. सदतीस होते, ते त्यांच्याकडे आहेत.