बिरादार सरांचं टोपडं

हैदराबादच्या कुकटपल्लीतल्या एका कारखान्यात मी पहिल्या दिवशी रुजू व्हायला गेले, तेव्हा ज्यांच्या हाताखाली काम शिकायचं होतं ते बिरादार सर डोळे मिटून, तोंड घट्ट बंद करून खुर्चीत बसले होते. डाव्या हातात घड्याळ. मी "नमस्कार सर" म्हटलं, तर त्यांनी नुसतं एक बोट वर केलं. तीन मिनिटं मी ताटकळत उभी. मग त्यांनी जिभेखालून पारदर्शक प्लास्टिकची बोटभर पिशवी काढली, उजेडात धरली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "शिवण टोचायली. कुणाच्या तरी लेकराच्या जिभेखाली जायचंय हे."

थर्मामीटर एकाच्या तोंडातून निघून दुसऱ्याच्या तोंडात जातो. म्हणून त्याच्या टोकावर दर वेळी नवी पातळ पिशवी चढवायची आणि काम झालं की फेकून द्यायची. आम्ही त्या पिशव्या करायचो. कागदोपत्री तिला लांबलचक इंग्रजी नाव होतं, पण सर तिला टोपडं म्हणायचे. त्यांच्यामुळे मालकांपासून पॅकिंगच्या बायकांपर्यंत सगळ्या तेलुगू माणसांच्या तोंडी तो शब्द बसला होता. "टोपडा रेडी, सार!" अशी आरोळी दिवसातून दहा वेळा यायची.

सरांचं घराणं उदगीरकडच्या शेतकऱ्यांचं. आजोबा हैदराबादेत आले ते इथलेच झाले. नारायणगुड्यात दोन खोल्यांचं घर, घरात सर आणि काकू. साचे घडवण्यात सगळी हयात गेलेली. त्यांच्याकडे डिग्री नव्हती, माझ्याकडे होती, आणि ती मिरवायची माझी हौस त्यांनी पहिल्याच आठवड्यात मोडून काढली. माझं मराठीही त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. मी एकदा "बुखार" म्हणाले, तर लगेच थांबवलं. "ताप म्हण गं. बुखार पेशंटला येतो, ताप आपल्या माणसाला."

पॅकिंगच्या बायकांना स्वच्छतेचं महत्त्व पटवायला एकदा बाहेरून कुणी तज्ज्ञ आले होते. तासभर जंतूंची चित्रं दाखवून गेले. बायका जांभया देत होत्या. मग सर उठले, एक वापरलेलं टोपडं चिमटीत धरून म्हणाले, "हे उष्टं आहे. झूटा. एंगिली." तीन भाषांत तीन शब्द. समोरची लक्ष्मम्मा पटकन दोन पावलं मागे सरकली. सर माझ्याकडे वळून हसले आणि म्हणाले, "बघ, लेक्चर झालं."

पण उष्टं ते नुसतं बोलण्यापुरतं मानत नव्हते. टोपडं काढल्यावर ते पुन्हा चढवताच येऊ नये, असा त्यांचा हट्ट. म्हणून त्यांनी टोपड्याच्या मानेवर बारीक छिद्रांची ओळ काढली, पोस्टाच्या तिकिटांना असते तशी. चढवताना टिकायचं आणि ओढून काढताना फाटायचं, हे एकाच ओळीकडून करून घ्यायला त्यांना सात-आठ महिने लागले. मी एकदा कुरकुरले, की नर्सबाई शिकलेल्या असतात, त्या कशाला पुन्हा वापरतील? तेव्हा ते म्हणाले, "डब्बा संपला की चांगलं माणूसही पुसून वापरतंय. चांगुलपणाच्या भरवशावर काम सोडायचं नक्को. ते फाटलंच पाहिजे."

आणि ती ओळ मी काढून टाकली.

सर शेताच्या वाटणीसाठी आठ दिवस उदगीरला गेले होते. एका मोठ्या गिऱ्हाइकाची तक्रार आली, की काही टोपडी चढवतानाच फाटतात. आठवड्यात सुधारा, नाहीतर ऑर्डर रद्द. खरं तर छिद्रं पाडणाऱ्या सुया झिजून छिद्रांच्या कडा चिरत होत्या. सरांना फोन केला असता तर त्यांनी तिथूनच सांगितलं असतं. मी केला नाही. मला एकटीला निभावून दाखवायचं होतं. मी ड्रॉइंगमधून ओळ खोडली, खाली सही केली आणि मालकांना सांगितलं की तिची तशी गरजच नव्हती. त्यांनी मानही वर न करता "ठीक है" म्हटलं.

सर परतले त्या सकाळी त्यांनी सवयीनं डब्यातलं एक टोपडं थर्मामीटरच्या काडीवर चढवलं आणि ओढलं. ते अख्खं निघालं. त्यांनी दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. मग ताडताड मालकांच्या खोलीत गेले. मी मागोमाग.

"ओळ कोण काढलं?" सर गरजले.

मालकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. आपल्या कारखान्यात काल आलेली पोरगी परस्पर सही करते, हे कबूल करणं त्यांच्या मानी स्वभावाला झेपलं नसावं. म्हणाले, "हौ, मैं निकाला. फिर? कंपनी किसकी है, बिरादार साब?"

मी एक वाक्य बोलायला हवं होतं. सरांनी त्याच टेबलावर राजीनामा लिहिला. बाहेर पडताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू तरी सांभाळ गं. इथं तुलाच कळतंय."

त्यानंतर नऊ वर्षं ते मला दर संक्रांतीला घरी बोलवत राहिले. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर तिळाची वडी. मालकाचं नाव निघालं की त्यांचा चेहरा कडवट व्हायचा, आणि काकूंना सांगायचे, "तिथं एकच माणूस आपलं आहे, ही पोरगी." भाकरीचा तो घास मी कसा गिळायची ते माझं मला माहीत. पुढच्या खेपेला सांगू, असं दर खेपेला ठरवायची.

गेल्या वर्षी सासूबाईंना घराजवळच्या एका छोट्या दवाखान्यात ठेवलं होतं. नर्सनं त्यांचा ताप पाहिला, टोपडं अलगद उतरवलं, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाईसाठी पुन्हा चढवलं. डब्बा संपला होता. नर्स चांगली होती, सासूबाईंचे केस विंचरून द्यायची. मी टोपडं ओळखलं. ते आमचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे गेले आणि ओळ परत घालायची म्हणाले. वाटलं होतं, भांडावं लागेल. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चलो, डाल दो." दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

नवं टोपडं घेऊन मी नारायणगुड्याला गेले. सरांच्या किडन्या थकल्या होत्या, बिछान्यातच असायचे. काकू औषधं आणायला गेल्या होत्या. सरांनी टोपडं थर्मामीटरवर चढवून ओढलं, फाटलं, आणि चेहरा असा खुलला की तेवढ्यावर मी उठून यायला हवं होतं. पण मी सगळं सांगितलं. सही माझी होती, हेही.

सरांनी फाटलेलं टोपडं उशाशी ठेवलं. मग म्हणाले, "मला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षं त्या मालकाला शिव्या दिलो, बिचाऱ्याला."

"चुकलं माझं, सर."

"चुकलं तर चुकलं. पण आता मला कशाला सांगितलीस गं? तुला हलकं वाटावं म्हणून?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "एक माणूस आपलं होतं, असं धरून बसलो होतो. तेवढं तर ऱ्हाऊ द्यायचीस."

त्यांनी कूस बदलली. काकू यायच्या आत मी निघाले.

दोन महिन्यांनी सर गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी मला जवळ ओढलं आणि आलेल्या बायकांना सांगू लागल्या, "ह्यांच्या कारखान्यातली ही. शेवटपर्यंत म्हणायचे, तिथं एकच माणूस आपलं होतं."

सरांनी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.