आकृतीत माणूस दाखवत नाहीत

माणूस खोटं बोलतो, आकृती खोटं बोलत नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात हे वाक्य मी ऐकलं आणि वहीत अधोरेखित करून ठेवलं. आम्हा नवशिक्यांना माहितीच्या प्रवाहाच्या आकृत्या शिकवायला एक ज्येष्ठ गृहस्थ आले होते. पांढऱ्या फळ्यावर पहिलंच वर्तुळ काढताना त्यांच्या पेनातली शाई संपली. उरलेलं अर्धं वर्तुळ त्यांनी हवेत पूर्ण केलं आणि आम्ही सगळ्यांनी ते मन लावून उतरवून घेतलं.

आकृती तशी सोपी असते. वर्तुळ म्हणजे काम. बाण म्हणजे एका कामाकडून दुसऱ्या कामाकडे जाणारी माहिती. दोन आडव्या रेषा म्हणजे माहिती साठवायची जागा, मग ते कपाट असो नाहीतर कॉम्प्युटर. चौकोन म्हणजे आपल्या व्यवस्थेच्या बाहेरचा कोणीतरी: गिऱ्हाईक, पुरवठादार, सरकार. वर्तुळात शिरलेली माहिती तिथेच गडप होता कामा नये. आणि आत काहीच न जाता वर्तुळातून माहिती बाहेर पडता कामा नये. या दुसऱ्या दोषाला आमच्या धंद्यात चमत्कार म्हणतात. चमत्कार दिसला की खोडायचा. आणखी एक: काम कोण करतो ते आकृतीत दाखवायचं नाही. माणसं बदलतात, काम राहतं, असं त्यामागचं तत्त्वज्ञान आहे. ज्यांची बदली अडकलेली असते त्यांना ते पटायला जरा वेळ लागतो.

माझी बदली अडकली होती. नवरा आणि सात वर्षांची मुलगी पुण्यात, मी चेन्नईच्या अंबत्तूर भागात एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत, असं दुसरं वर्ष चाललं होतं. मुलगी फोनवर आता मला शाळेतल्या गोष्टी थोडक्यात सांगायची, दूरच्या नातेवाइकाला सांगतात तशा. आमच्या मॅनेजरनी जानेवारीत शब्द दिला. "हा कारखाना एवढा मार्गी लाव. सिस्टिम सुरळीत चालू झाली की मेमध्ये तू पुण्यात. जूनला शाळेत सोडायला तूच जाशील." शब्द त्यांनी कॅंटीनच्या रांगेत दिला होता, पण मी तो घेतला.

कारखाना अंबत्तूरच्याच औद्योगिक वसाहतीत होता. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे रबरी भाग तिथे होत. बाहेरून मिसळलेलं कच्चं रबर यायचं, लाटलेल्या काळ्या तक्त्यांच्या रूपात. ते गोदामात जायचं आणि तिथून प्रेसवर, म्हणजे रबर साच्यात दाबणाऱ्या यंत्रांवर. हे सगळं कागदावर चालायचं, ते आम्ही कॉम्प्युटरवर आणणार होतो. त्याआधी काम कसं चालतं हे विचारून त्याची आकृती काढणं हे माझं काम.

तीन आठवडे मी विचारत हिंडले. फाटकावर विचारलं, लॅबमध्ये विचारलं. सगळ्यांची उत्तरं जुळली. माल येतो, नोंद होते, नमुना लॅबला जातो, लॅबचा दाखला येतो, मग माल गोदामातून प्रेसवर. एकानेही दुसऱ्याच्या विरुद्ध काही सांगितलं नाही. इतकी वर्षं हे काम केल्यावर तिथेच माझ्या कानात घंटा वाजायला हवी होती. ज्या घरात सासू आणि सून एकाच भांडणाची हकिगत शब्दशः सारखी सांगतात, त्या घरात काहीतरी मोठं घडलेलं असतं. पण मी मे महिन्याकडे बघत होते.

गोदाम सांभाळणारे गृहस्थ साठीच्या जवळ आलेले. सगळे त्यांना 'स्टोअर सार' म्हणत. माझं आडनाव ऐकल्यावर त्यांनी मान वर केली आणि मराठीत विचारलं, "तुम्ही पुण्याचे?"

तंजावरकडची ती मराठी. शब्द जुने, चाल तमिळ.

"सासर पुण्याचं. माहेर साताऱ्याचं."

"मग नवे मराठी," ते म्हणाले. "आम्ही जुने. तीनशे वर्षं झाली इकडे येऊन. अजून कोणी परत बोलावलं नाही."

त्या दिवसापासून मला रोज सकाळी गोदामात कॉफी मिळू लागली. मी त्यांना काका म्हणायची, ते मला अम्मा. मी भरभर बोलू लागले की ते म्हणत, "पुण्याचे लोक मराठी फार घाईत बोलता. कोठे आग लागली?" मी त्यांना मुलीचा फोटो दाखवला. मेचं सांगितलं. दोन वर्षांत त्या शहरात माझ्याशी इतकं मराठी कोणीच बोललं नव्हतं, आणि ज्या भाषेत आपण आजारपणात कण्हतो त्या भाषेत बोलणारा माणूस आपल्याला फसवेल, असं मनातही येत नाही.

पहिल्या दिवशी मी त्यांना कच्ची आकृती दाखवली होती. त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली. वर्तुळांवरून बोट फिरवलं.

"यात मी कोठे?"

"यात माणसं दाखवत नाहीत, काका. फक्त काम दाखवतात."

"सरी," ते म्हणाले. तमिळमधल्या या शब्दाचा अर्थ 'बरं' असा आहे. मी तो 'समजलं' असा घेतला.

मग त्यांनीही तेच सांगितलं. माल, नोंद, नमुना, दाखला, प्रेस.

"याशिवाय आणखी काही?"

"काही नाही, अम्मा."

आमच्या कंपनीचा नियम होता की प्रत्येक मुलाखतीनंतर काय बोलणं झालं ते इंग्रजीत लिहायचं आणि समोरच्याची सही घ्यायची. फाटकावरच्या आणि लॅबमधल्या सगळ्यांच्या सह्या मी घेतल्या. काकांची घेतली नाही. आपल्याच माणसापुढे कागद सरकवायचा म्हणजे त्याच्या कॉफीची पावती मागण्यासारखं वाटलं.

आकृती सुरेख झाली. सहा वर्तुळं, चार साठे, एकाही बाणाने दुसऱ्याला ओलांडलेलं नाही, आणि चमत्कार एकही नाही. कारखान्याच्या प्रमुखांनी त्यावर सही केली. त्या दुपारी काकांनी मला म्हैसूरपाकाचा डबा दिला. मी भारावले. खोलीवर जाऊन मुलीला फोनवर तो दाखवलासुद्धा. ती म्हणाली, "मला कुरिअर कर." मी म्हटलं, आता मीच येणार.

एप्रिलच्या शेवटी, एका सोमवारी सकाळी, सिस्टिम सुरू झाली. साडेदहाला कारखाना बंद पडला.

मी पोचले तेव्हा प्रेसवरच्या बायका स्टुलांवर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. एकीने डबा उघडला होता. बिघाड कसलाच नव्हता. आकृतीप्रमाणे सिस्टिम लॅबच्या दाखल्याशिवाय गोदामातून रबर सोडत नव्हती, आणि लॅबचा दाखला यायला दोन दिवस लागत.

"नेहमीच दोन दिवस लागतात?" मी लॅबमध्ये विचारलं.

"नेहमीच."

"मग इतकी वर्षं प्रेस चालायचे कसे?"

लॅबमधल्या माणसाने खिडकीतून गोदामाकडे पाहिलं. "स्टोअर सार," तो म्हणाला, आणि टेबलावरच्या बाटल्या पुसू लागला.

गोदामात काका खुर्चीवरून उठले. खुर्चीची गादी उचलून त्यांनी खालून एक लांबट वही काढली आणि कोपऱ्यातल्या रबराच्या तक्त्यांजवळ गेले. अंगठ्याचं नख रबरात रुतवलं, काढलं, वळ किती वेळात भरून येतो ते पाहिलं. वास घेतला. वहीत काहीतरी लिहिलं. "हा जाऊ दे. तो नको." झालं. अंगठा आणि नाक इतक्यावर तो कारखाना वर्षानुवर्षं चालला होता. लॅबचा दाखला दोन दिवसांनी यायचा आणि त्यावर मागची तारीख पडायची. वहीत मालाच्या प्रत्येक खेपेची नोंद होती. म्हणजे माहितीचा तिथला एकमेव खरा साठा माझ्या आकृतीत नव्हता. त्या साठ्यावर बसलेल्या माणसाच्या हातची कॉफी मात्र मी तीन आठवडे पीत होते.

मग हळूहळू बाकीचं कळलं. गाड्यांच्या मोठ्या कंपन्यांचे तपासनीस तिथे दरवर्षी येत. दाखल्याशिवाय माल वापरला जातो हे त्यांना दिसलं तर कामच जाईल. त्यामुळे वही-पेन घेऊन 'तुम्ही हे कसं करता?' असं विचारणाऱ्या कोणालाही नियमावलीतलं उत्तर द्यायचं, हा तिथला रिवाज होता. तो कोणी शिकवत नव्हतं. चपला कुठे काढायच्या हे जसं न शिकवता कळतं तसा तो कळायचा. आणि काही न सापडता जो तपासनीस परत जायचा, त्याला निरोपाला म्हैसूरपाकाचा डबा देत.

दुपारी काचेच्या खोलीत बैठक झाली. कारखान्याचे प्रमुख, आमचे मॅनेजर, मी आणि काका. प्रमुखांना वही माहीत होती की नव्हती हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांच्या चेहऱ्यावर, घरात उंदीर आहेत हे ज्याला पाहुण्यांसमोर कळतं, त्या गृहस्थाचा भाव होता. त्यांनी तमिळमध्ये काकांना विचारलं, "हे तुम्ही मॅडमना सांगितलं नव्हतं का?"

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगितलं होतं, सार. आमच्या भाषेत."

एवढी तमिळ मला कळत होती. मी म्हणाले, "नाही. मी विचारलं होतं. ते काही नाही म्हणाले."

"त्यांच्या सहीचे मिनिट्स आहेत?" मॅनेजरनी विचारलं.

नव्हते. बाकी सगळ्यांचे होते. आमचं सगळं बोलणं मराठीत झालं होतं आणि त्या कारखान्यात मराठी कळणारं तिसरं माणूस नव्हतं. ज्या गोष्टीला मी जिव्हाळा समजत होते, तिचा कामापुरता अर्थ एवढाच निघाला की साक्षीदार कोणी नाही.

बैठकीनंतर मी गोदामात गेले. ते कॉफी ओतत होते. दोन पेल्यांत.

"काका, तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"नव्हतं," ते म्हणाले.

"मग तिथे?"

"तिथे सांगितलं होतं."

मी उभीच राहिले. त्यांनी माझा पेला माझ्या बाजूला सरकवला. "मज आठ महिने राहिले, अम्मा. वही दडवली म्हटलं तर उद्या घरी. तुम्हांस काय? फार तर ओरडतील."

"माझं पुणं गेलं. तुम्हाला ते माहीत होतं."

"होतं." त्यांनी स्वतःचा पेला उचलला. "पुणं कोठे जातं? जागेवर राहील."

"तीन आठवडे मी इथे बसत होते. एकदा तरी सांगायचं."

"पहिल्या दिवशी मी विचारलं, यात मी कोठे. तुम्ही म्हणाल्या, माणसं दाखवत नाहीत. जो नाहीच, त्यानं काय सांगायचं?"

याला उत्तर द्यायला माझ्याकडे पुष्कळ मुद्दे होते. त्यांतला एकही मराठीत सुचला नाही. कॉफी मी प्यायले नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि त्याचा परिणाम माझ्या डोकेदुखीपलीकडे कोणावर झाला नाही.

मॅनेजरनी अहवालात लिहिलं की प्रक्रिया समजून घेण्यात विश्लेषकाची त्रुटी राहिली. मला बोलावून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. अहवालात कोणीतरी लागतोच." पुण्याची जागा माझ्यानंतर चार वर्षांनी कंपनीत आलेल्या एकाला मिळाली. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा मॅनेजर म्हणाले की तसा काही लेखी शब्द त्यांनी दिल्याचं त्यांना आठवत नाही. तो शब्दही मराठीतच दिलेला होता. ते मूळचे नाशिकचे.

जूनला शाळेत सोडायला नवरा गेला. मुलीने मला दप्तराचा फोटो पाठवला.

आकृती मी दुरुस्त केली. 'तात्पुरती मंजुरी' असं सातवं वर्तुळ आलं. वहीला 'साठा पाच' हा क्रमांक मिळाला. अडचण एवढीच होती की त्या वर्तुळात जाणारा बाण येतो कुठून? अंगठ्यातून, असं लिहिता येत नाही, आणि काहीच न लिहिलं तर चमत्कार होतो. शेवटी मी एक चौकोन काढला आणि त्यात 'गोदामप्रमुख' लिहिलं. चौकोन म्हणजे व्यवस्थेबाहेरचा माणूस. नियमाने ते साफ चूक होतं. तपासणाऱ्यांपैकी कोणाच्या लक्षात आलं नाही. काकांनी ते पाहिलं, चौकोनावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "बाहेर का होईना." मला अजून कळलेलं नाही की मी तो चौकोन त्यांच्यावर उपकार म्हणून काढला की सूड म्हणून. डिसेंबरमध्ये ते निवृत्त झाले. चौकोन आहे.

पहिली आकृती, चुकीची, फेकून दिली गेली असेल असं मला वाटलं होतं. पण ती इतकी नीटस होती की आमच्या ऑफिसने नवशिक्यांच्या प्रशिक्षणासाठी नमुना म्हणून निवडली. दर गुरुवारी दुपारी तीन वाजता ती पडद्यावर दाखवतात आणि माणूस खोटं बोलतो, आकृती बोलत नाही, या वाक्याने सुरुवात होते. तो वर्ग चेन्नईच्या ऑफिसातच भरतो. तो मी घेते.