सोबतीची बाई

चंदना कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघात कॅचर होती, तेव्हा प्रशिक्षक जयराज सरांनी तिचं कधी कौतुक केलं नव्हतं. म्हणूनच पुढं काही वर्षांनी त्यांनी आपणहून तिला सांगलीला बोलावून आपल्या मुलींच्या संघाची सहायक प्रशिक्षक केलं, तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. सरावात सर तिला एक शब्द बोलू देत नसत. साताऱ्याच्या स्पर्धेला निघताना मात्र मुलींच्या आईवडिलांसमोर "या आमच्या मॅडम" म्हणून तिलाच पुढं केलं.

बस कराडला चहासाठी थांबली, तेव्हा तिनं सरळ विचारलं, "सर, मला खेळासाठी घेतलंय, का पोरींच्या सोबतीला बाई पाहिजे म्हणून?"

सरांनी नजर चुकवली. "सोबतीलाच गं. बाई न्हाई म्हटल्यावर घरची पोरींना सोडत न्हाईत."

इथूनच परतीची एसटी धरावी, असं तिला वाटलं. पण खिडकीशी बसलेली पूजा, संघाची चेंडू फेकणारी पिचर, हळूच खांदा चोळताना दिसली. ही दुखणं लपवतेय, असा चंदनाला सकाळपासून संशय होता.

"साताऱ्याला येते मी," ती म्हणाली. "पण उद्या पूजा खेळणार नाही. तिचा खांदा दुखतोय."

"आणि हरलो तर?"

"तर हरू."

पूजाशिवाय खेळले, आणि हरलेच. परतताना सर तिच्यापासून लांब, पुढच्या सीटवर जाऊन बसले. पूजा मात्र शेजारी येऊन बसली आणि रडत म्हणाली, "मॅडम, लय दुखतंय."

दुसऱ्या दिवशी चंदनानं तिला मिरजेला डॉक्टरांकडं नेलं. नोकरी तिनं सोडली नाही. सरांवर विश्वास मात्र ठेवला नाही.