व्याह्यांच्या दारावरून

मामाला दवाखान्यातून घरी आणलं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं. ब्राह्मणपुरीहून मामेभावाचा फोन आला, मामा सारखा आईचंच नाव घेतोय, लवकर या. धुळ्याहून आम्ही लगेच निघालो. दादा गाडी चालवत होता, आई त्याच्या शेजारी, मी मागे.

दोंडाईचा येईपर्यंत दादाने गाडी अशी हाकली की मी सीट घट्ट धरून बसले. आई मात्र एकदाही हळू चालव म्हणाली नाही. एरवी साठच्या पुढे काटा गेला की ती देवाचं नाव घेते.

सारंगखेड्याला तापी ओलांडली आणि पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या. कारखाना सुरू असला की पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावर दुसरं काही दिसतच नाही. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना लोंबतोय, ओलांडायची सोय नाही. दादा हॉर्न बडवत राहिला. मग त्याने भलतंच केलं. पुढचा रस्ता मोकळा आहे का, हे विचारायला आपल्या सासऱ्यांनाच फोन लावला. त्यांचं गाव याच रस्त्यावर.

आम्ही पोचलो तेव्हा ते टोपी घालून फाट्यावर उभे होते. माझं डोकंच फिरलं. काचेतूनच नमस्कार करू आणि निघू, असं मी म्हटलं. दादाही ब्रेक लावायला तयार नव्हता. आईनेच दरवाज्याला हात घातला.

"व्याही रस्तावर उभा शेतस. उतरनं पडी."

व्याह्यांच्या दारावरून तसंच गेलं तर ते सुनेला माहेरी जन्मभर ऐकावं लागतं, हे तिला पक्कं ठाऊक. त्यांच्या घरी गेलो तर दूध संपलेलं निघालं, शेजारून आणलं. चहा झाला, मग आईला हळदीकुंकू. व्याही भले माणूस, आग्रहाने बसवत होते. मला त्यांचा राग आला, आणि आईचा जास्त. दादाने धावपळ करून वाचवलेला सगळा वेळ त्या बैठकीत गेला.

ब्राह्मणपुरीत अंगणात माणसं उभी होती. मामी म्हणाली, "आत्तेच गयात, ताई. तुमनीच वाट दखी ऱ्हायंतात."

आई मामाजवळ बसली. त्याचा हात तिने दोन्ही हातांत घेतला, आणि बराच वेळ सोडला नाही. मग आमच्याकडे न बघताच म्हणाली, "मन्हा भाऊना हात आजून गरम शे."