कूलरची खिडकी

संशय घेणं हा माझा धंदा आहे. अकोल्याच्या कोर्टात मी आयुष्यभर समोरच्याला "तुम्ही नक्की तिथे होता का?" असं विचारत आलो. घरी आल्यावर काळा कोट खुंटीला टांगता येतो, ही सवय टांगता येत नाही. बायको म्हणते, लोक दुधानं पोळल्यावर ताक फुंकून पितात, हे न पोळताच फुंकत बसतात. म्हणू दे.

जनरेटर घ्यायचं ठरलं ते आईसाठी. मागच्या मे महिन्यात लाइन गेली, कूलर बंद पडला आणि आईला ऊन लागलं. अंग भट्टीसारखं तापलेलं, बोलणं असंबद्ध. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की, यांचं हृदय असा दुसरा दणका सोसणार नाही, उन्हाळ्यात यांना कूलरशिवाय ठेवू नका. घरातला इन्व्हर्टर दिव्या-पंख्यांपुरता. कूलर जोडला की तो थोड्याच वेळात मान टाकायचा. म्हणजे आईचा जीव कूलरवर, आणि लाइन गेली की कूलरचा जीव जनरेटरवर.

आईलाच ते पसंत नव्हतं. "त्या फटफटीच्या आवाजात मले झोप येईन का? नोको आणू बापा," ती म्हणाली. मी ऐकलं नाही.

खरेदीला मी अमरावतीला गेलो. अकोल्यातल्या बऱ्याच दुकानदारांना मी कधी ना कधी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात घाम फोडलेला आहे, त्यांना उट्टं काढायची संधी कशाला द्या?

खोक्यावर मोठ्या अक्षरांत मशीन किती वीज देते त्याचा आकडा होता. मोठं अक्षर दिसलं की मी आधी बारीक अक्षर शोधतो. "हा आकडा सुरू होतानाचा की सतत चालतानाचा?" मी विचारलं.

"मोठा आकडा घटकाभराचा असते, साहेब," दुकानदार म्हणाला. "सतत चालाचा थो खालचा, बारीक. तुमाले काय काय चालवाचं हाये, थे आधी सांगा."

कूलर, फ्रिज आणि दोन पंखे, मी सांगितलं. सुरू होताना मोटर जास्त वीज ओढते, असं म्हणून त्यानं एक नंबर मोठी मशीन दाखवली. आला हा आपल्या वळणावर, मी मनात म्हटलं, आणि बाहेर पडलो. आणखी दोन दुकानं हिंडलो. तिथेही तेच सांगितलं, तेव्हा हे सगळे आतून एक आहेत अशी माझी खात्री झाली. शेवटी पहिल्याकडेच परत गेलो. मला पाहून तो हसला नाही, तेही मला खटकलं.

पैसे घेतल्यावर तो म्हणाला, "घरात ठेवू नका, साहेब. पोर्चमधी पण नाई. त्या धुरानं माणूस मरते. बाहेर ठेवा, सावलीत. अन् पेट्रोल टाकाचं तं मशीन बंद करून, थंडी होऊ देऊन."

सोबतची पुस्तिका मी करारनामा वाचावा तशी वाचली. दारा-खिडक्यांपासून लांब ठेवा, असं तीत स्पष्ट होतं. वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेतला, नाहीतर आपली वीज उलटी खांबावर चढते आणि तारेवर काम करणाऱ्या माणसाचा जीव जातो. त्यानं तो नीट बसवलाय यावर माझा विश्वास नव्हता, म्हणून दुसऱ्या वायरमनकडून तपासून घेतला.

राहिला जागेचा प्रश्न. दुपारी सावली फक्त घराच्या पूर्वेला. तिकडे दार नाही, आणि खिडकी एकच, आईच्या खोलीची. तिच्यात तर कूलर बसवलेला. आमच्या वऱ्हाडात होळी झाली की वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, कूलर बाहेरून खिडकीला लावायचा आणि फटींमध्ये पुठ्ठे कोंबायचे. पावसाळ्यापर्यंत ती खिडकी कोणी उघडत नाही. आम्ही तिला खिडकी म्हणतसुद्धा नाही, कूलरच म्हणतो. तेव्हा पुस्तिकेतलं कलम पाळलं गेलं होतं. जनरेटर सावलीत, कूलरच्या स्टँडशेजारी बसला.

पहिल्यांदा दुपारची लाइन गेली तेव्हा मशीन एका झटक्यात सुरू झाली आणि कूलर गार हवा फेकू लागला. मला अभिमान वाटला. थोड्या वेळानं आई कण्हू लागली. "डोकं लय दुखून राहिलं. मळमळते."

शेजारच्या काकू आल्या आणि बघताक्षणी म्हणाल्या, "ऊन लागलं व माय! पन्हं द्या, कांद्याचा रस लावा." आमच्याकडे मे महिन्यात कोणाचं काहीही दुखलं तरी ते ऊनच असतं. कांदा चोळला, पन्हं पाजलं. लाइन आली, मशीन बंद केली आणि संध्याकाळी आई ठणठणीत उठून बसली.

दुसऱ्यांदाही तेच झालं. काकूंचं औषधही तेच. या वेळी मात्र माझ्यातला वकील जागा झाला. जी बाई सकाळपासून उंबऱ्याबाहेर गेली नाही, कूलरसमोर पडून आहे, तिला ऊन लागलं कसं? कपाळाला हात लावला तर गार. आणि लाइन आली की दुखणं बरं गायब होतं! हेतू तर माझ्यासमोरच होता, तिला जनरेटर नको होता. मी बायकोला हळूच म्हणालो, "आई नाटक करतेय."

बायकोनं डोळे वटारले. पण नाटक रंगेहाथ पकडायचंच, हे मनाशी पक्कं केलं.

पुढच्या वेळी लाइन गेली तेव्हा मी पेपर घेऊन आईच्या खोलीतच ठाण मांडलं. नेमकं तेव्हाच बायकोनं तिला मागच्या अंगणात कैऱ्या किसायला बोलावलं. साक्षीदारच निघून गेला. येईल परत, म्हणून मी तिच्या पलंगावर, कूलरच्या झोतात आडवा झालो.

काही वेळानं पेपरातल्या ओळी हलायला लागल्या. कानशिलं ठणकू लागली. पोटात ढवळून आलं. उठायला गेलो तर गुडघ्यांत जोर नाही. अंगणातून आईचं हसणं ऐकू येत होतं, आणि ऊन मला लागलं होतं, कूलरसमोर!

मी कूलरजवळ नाक नेलं. ओल्या वाळ्याचा वास, आणि त्याच्या खाली पेट्रोलच्या धुराचा. भिंत धरत बाहेर गेलो. जनरेटरच्या धुराचं नळकांडं कूलरच्या ताटीकडे तोंड करून होतं आणि ताटीवर काळा डाग पडला होता. बाहेरची हवा आत खेचणं हेच कूलरचं काम. तो ते इमानानं करत होता. मी मशीन बंद केली. मला भयंकर भीती वाटली, अशी की कोर्टात कधी वाटली नव्हती.

बायकोनं आम्हाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मला ऑक्सिजन लावला, खबरदारी म्हणून आईलाही. धुराचा वास येतो, पण त्यातल्या मारक वायूला वासच नसतो, त्यामुळे नाकावर विसंबू नका, असं ते म्हणाले. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, आई एखाद्या दुपारी गाढ झोपल्या असत्या तर उठल्या नसत्या.

आता जनरेटर कंपाउंडच्या पार टोकाला, मोकळ्या पत्र्याखाली आहे, तोंड रिकाम्या प्लॉटकडे. आईच्या खोलीत तो वायू आला की वाजणारा भोंगा बसवलाय. त्याच्यावरही माझा विश्वास नाही.

त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्यावर आईला मी सगळं सांगितलं. नाटकाचंही सांगितलं, कारण बायकोनं ते आधीच सांगितलं असणार असा मला संशय होता. मान वर करायची हिंमत नव्हती.

आई म्हणाली, "बरं झालं बापा, तुले माहा भरोसा नाई. असता, तं मी मरेपर्यंत मले कांदाच चोळत बसला असता."